कृष्णेच्या खोऱ्यात 'पॉइंट' सोडून काय बघाल? (वाई, मेणवली, पाचगणी, महाबळेश्वर)

सांजवारा

मंडळी, सासूसासरे नागपूरहून येत आहेत. दोघांचंही महाबळेश्वर पूर्वीच झालंय आणि सासूबाईंचं मत ठाम आहे: "दरी एकच असते गं, कठडे तेवढे वेगळे." त्यामुळे पॉइंट बाद. सासरे बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, देवळात गेले तरी आधी जोतं बघतात, मग देव. सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात, पण एखाद्या ओसरीवर टेकायला मिळालं तर त्या दिवसभर तिथून हलणार नाहीत.

माझं म्हणणं असं की आपण सगळे वाई मागे टाकून पसरणीचा घाट चढायची घाई करतो आणि बघण्यासारखं बरंच काही खालीच राहून जातं. वर गेलंच तर जुनी चर्च आणि बंगले बघावेत, माकडं नाहीत. नवऱ्याला हे पटत नाही. तो म्हणतो, "वाई दोन तासांत संपते. पुढे काय?"

तर सांगा: सुरुवात कुठून करावी, पायऱ्या कुठे जास्त आहेत, काय उगाचच आहे? स्ट्रॉबेरी, मका आणि घोडे या विषयांवर प्रतिसाद देऊ नयेत ही नम्र विनंती.

टांगेवाला

क्रीमवर चालेल का?

कृष्णाकाठची

मी वाईची, त्यामुळे निःपक्षपाती उत्तराची अपेक्षा ठेवू नका. तुमच्या यजमानांना सांगा, वाई दोन तासांत संपते ती गाडीतून उतरलं नाही तर.

ढोल्या गणपतीपासून सुरुवात करा. मूर्ती एकाच दगडातली, देऊळ गणपतराव भिकाजी रास्त्यांनी 1762 मध्ये बांधलं. लोक दर्शन घेतात, फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही सासऱ्यांना घेऊन देवळाच्या मागच्या बाजूला जा. मागची भिंत माशाच्या आकाराची, टोकदार आहे. पुराचं पाणी आलं की त्या टोकावर फुटून दोन्ही अंगांनी निघून जावं, अशी योजना. बांधकाम खात्यातल्या माणसाला यापेक्षा चांगला प्रसाद कुठे मिळणार!

शेजारीच काशी विश्वेश्वर, तेही रास्त्यांचंच. आनंदराव भिकाजींनी 1757 मध्ये बांधलेलं. नंदी बघा. गळ्यातल्या माळा, घंटा सगळं दगडातच कोरलेलं आणि अंगाला अशी झिलई की हात लावल्याशिवाय राहवत नाही. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या रास्त्यांच्याच घरातल्या. माहेर एवढं तालेवार असल्यावर गावाला घाट आणि देवळं मिळायचीच.

मग घाटाच्या कडेने चालत राहा. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. प्रत्येक आळीचा घाट वेगळा आणि कृष्णाबाईचा उत्सवही ज्याचा त्याचा वेगळा. एका आळीचा झाला की पुढच्या आळीचा. उत्सवाच्या दिवसांत आलात तर घाटावरच मांडव असतो, सासूबाईंना बसायला जागाच जागा.

गावठी_मिरची

कृष्णाकाठचीताई, तुमच्या आळीचा उत्सव सगळ्यात भारी असतो हे लिहायचं राहिलं की.

कृष्णाकाठची

ते सर्वांना माहीत असतं, लिहावं लागत नाही.

रोखठोक

मत थोडं वेगळं आहे. घाट, देवळं ठीक. पण 'मेणवलीचा वाडा बघाच' असा जो एक घोष चालतो तो मला कळत नाही. रिकामी घरं ती. ना सामान, ना माहितीचे फलक. आपण जायचं, खांबाला टेकून फोटो काढायचा आणि 'काय ते वैभव' म्हणायचं. हिंदी सिनेमावाल्यांनी तिथे चित्रीकरणं केली नसती तर किती लोक गेले असते? वाडा बघितला काय आणि सिनेमाचा सेट बघितला काय.

ओसरी

रोखठोक, तुमचा अर्धा मुद्दा मान्य. फलक नाहीत, आणि जाणारे बहुतेक जण सिनेमासाठीच जातात. पण 'रिकामं घर' याला मात्र कडाडून विरोध.

नाना फडणवीसांना मेणवली गाव इनाम मिळालं आणि त्यांनी तिथे वाडा, घाट आणि देवळं असा पूर्ण संच उभा केला. शनिवारवाडा जळून गेला, पुण्यातले बरेचसे वाडे पडले किंवा बिल्डरकडे गेले. सहा चौकांचा वाडा, मागच्या दारातून थेट नदीवर उतरणारा घाट, घाटावर मेणेश्वर आणि विष्णूचं देऊळ, हे सगळं एकत्र आणि जागच्या जागी आज किती ठिकाणी उरलंय?

फलक नसले म्हणून बिघडत नाही, घर आपणहून सांगतं. दिंडी दरवाजातून वाकून आत गेलं की पहिल्या चौकात उजेड. तिथून सोप्यावर चढलं की एकदम सावली आणि गारवा. वर मान करून कडीपाट म्हणजे लाकडी कड्याफळ्यांचं छत बघा, मग खांबांखालचे तळखडे, म्हणजे बैठकीचे दगड. लाकूड कुठेही जमिनीला टेकलेलं नाही, मधे दगड आहे, म्हणून वाळवी आणि ओल दोन्ही लांब राहिली. भिंतीवरच्या चित्रांत देवदेवता आहेत. रंग उडालेत, पोपडे निघालेत, पण डोळे सरावले की एकेक रेघ वर येते. त्यासाठी थोडा वेळ नुसतं उभं राहावं लागतं. मोबाईलचा टॉर्च मारून काही दिसत नाही, फक्त पोपडे दिसतात.

आणि रिकामं का, तर इथला सगळ्यात मोठा ऐवज कागदाचा होता. नानांचा पत्रव्यवहार, म्हणजेच मेणवली दप्तर. इतिहास संशोधक रावबहादूर पारसनीसांच्या हाती ते पडलं आणि उत्तर पेशवाईचा इतिहास लिहिणाऱ्यांना घबाड मिळालं. पारसनीसांचा साताऱ्याचा संग्रह पुढे पुण्यात डेक्कन कॉलेजात गेला. कागद पुण्यात आणि भिंती मेणवलीत, अशी वाटणी झाली आहे.

एक सूचना: वाडा खासगी मालकीचा आहे. आधी विचारा, आत गेल्यावर हळू बोला, भिंतींना हात लावू नका. वाईजवळच्या रास्त्यांच्या मोतीबागेतल्या वाड्यातही सुंदर भित्तिचित्रं आहेत. तोही खासगीच, तिथेही हाच नियम.

रोखठोक

तळखड्यांचं पटलं. बाकी तहकूब.

गारवेल

ओसरी, पूर्ण प्रतिसाद वाखुसा (वाचनखूण साठवली आहे). सांजवारा, घाटाचं मात्र लक्षात ठेवा. मेणवलीचा घाट चंद्रकोरीच्या आकाराचा, दिसायला फार देखणा, पण पायऱ्या नदीपर्यंत उतरत जातात आणि पावसाळ्यानंतर त्यांच्यावर शेवाळ असतं. सासूबाईंना वरच्या पायऱ्यांवरच बसवा. तिथून देवळंही दिसतात आणि ती प्रसिद्ध घंटाही.

टांगेवाला

कुठली घंटा?

पापडीचा_पाव

टांगेवाला, आमची घंटा.

मी वसईचा ख्रिस्ती, म्हणून 'आमची'. मेणवलीच्या घाटावर दगडी मंडपात जी घंटा टांगली आहे ती वसईच्या चर्चमधली. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मारिया आहे आणि 1707 हे साल आहे. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा पोर्तुगिजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांकडे आल्या आणि वेगवेगळ्या देवळांत पोचल्या. एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, एक भीमाशंकरला.

आमच्या किल्ल्यात सेंट जोसेफचा मनोरा अजून उभा आहे. आत गोल जिना आहे, वर गेलं की खाडी दिसते. घंटा तेवढी नाही. मेणवलीला पहिल्यांदा गेलो तेव्हा आईने त्या घंटेवरच्या मारियेला हात लावून कपाळाला लावला. शेजारी एक आजी महादेवाला पाणी घालून आलेल्या, त्यांनीही तसंच केलं. दोघींना एकमेकींचं काहीच वावगं वाटलं नाही.

गावठी_मिरची

पाव, परत मागणार का काय?

पापडीचा_पाव

नको बाबा. वसई-विरारच्या ट्रॅफिकमधून आणायची कशी?

इतिहासाचा_तास

यावर जरा गंभीरपणे. ही लूट म्हणायची की विजयचिन्ह, यावर दर काही महिन्यांनी कुठे ना कुठे धागा निघतो आणि त्याचं काश्मीर होतं, म्हणजे न संपणारं भांडण. इथे नको व्हायला, म्हणून एवढंच लिहितो. 1737 ते 1739 ही मोहीम फार महागात पडलेली होती, दोन्हीकडची माणसं मोठ्या संख्येने गेली. त्या मोहिमेची वर्णनं वाचून मग ती घंटा बघितली तर ती शोभेची वस्तू राहत नाही.

संपादक_मंडळ_नाही

काश्मीर होऊ नये म्हणून मधेच विचारते. चर्चमध्ये जायचं तर वागायचं कसं? आम्ही हिंदू कुटुंब, आत सोडतात का, चपला काढायच्या का, डोक्यावर पदर घ्यायचा का? प्रश्न बाळबोध आहे, पण दारापर्यंत जाऊन परत फिरणारे आम्हीच.

पापडीचा_पाव

प्रश्न अजिबात बाळबोध नाही, फार जण लाजून आतच येत नाहीत.

दार उघडं असेल तर आत या. चपला काढायची सक्ती नसते. पुरुषांनी टोपी काढावी. मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, चालू असेल तर मागच्या बाकावर बसा, मधेच फिरू नका आणि फोटो तर नकोच. मिस्सा नसेल तेव्हा फोटोसाठी आधी विचारा. पुढे वेदी असते, तिच्या पायऱ्यांवर चढायचं नाही, एवढं पाळलं की झालं. रविवारी सकाळी बघायला म्हणून जाऊ नका, प्रार्थनेला बसायचं असेल तर खुशाल जा. आणि दार बंद असेल तर ते बंद आहे. खिडकीतून डोकावून बाहेरच्या बाहेर जोरात 'इथे काय नाय' म्हणणारे पर्यटक आम्हाला आतून ऐकू येतात.

पारवा

चर्चचा विषय निघालाच आहे तर वरची बाजू मी घेतो. शिक्षण पाचगणीत, वसतिगृहात.

पाचगणीचं सेंट पीटर्स चर्च बघा. झाडीत आहे, दगडी आहे, शांत आहे. तिथल्या दफनभूमीत जॉन चेसनची कबर आहे. हिल स्टेशन म्हणून पाचगणी वसवली ती चेसननं. बाहेरची झाडं आणून लावली, त्यात सिल्व्हर ओक आलाच. आज पाचगणीचं जे रूप लोकांना 'मूळचं' वाटतं, उंच सरळ खोडांच्या रांगा वगैरे, ते बरंचसं लावलेलं आहे. आम्हाला शाळेत टेबल लँडवर पळवायचे, चेसनच्या कबरीवर कधीच नेलं नाही.

महाबळेश्वरला दोन जुनी चर्च. होली क्रॉस हे कॅथलिकांचं, 1831 चं. ख्राइस्ट चर्च अँग्लिकन, 1842 चं. गाव तरी किती जुनं? मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कमने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा 1829 मध्ये घेतली, बदल्यात खंडाळा गाव दिलं. म्हणजे बाजारपेठ आणि चर्च जवळजवळ बरोबरीनेच उभी राहिली. बाजारातल्या गर्दीत चर्चकडे कोणाचं लक्ष जात नाही हे चर्चच्या पथ्यावरच पडलंय.

रोखठोक

आता इथे माझा खरा आक्षेप. साहेबांनी आणलं, साहेबांनी लावलं, साहेबांनी वसवलं. रस्ते कोणी खोदले? महाबळेश्वरात चिनी आणि मलायी कैदी आणून ठेवले होते. रस्त्यांची कामं त्यांनी केली, भाजीचे मळे त्यांनी पिकवले. त्यांच्या नावाने आहे का काही? बंगल्यांसमोर उसासे टाकताना हेही आठवावं.

पारवा

रास्त. हे शाळेत शिकवलंच नव्हतं. मोठेपणी वाचलं.

सडा_जांभा

सांजवाराताई, सासऱ्यांसाठी एक खेळ सुचवतो. भूगर्भशास्त्राचा मास्तर आहे, त्यामुळे सहन करा.

खाली वाई-मेणवलीत जे बांधकाम आहे त्यातला दगड काळा, बेसाल्ट. घट्ट, धार धरणारा, म्हणून नंदीच्या गळ्यातली माळ कोरता आली आणि तिला झिलई आली. वर पाचगणीचं टेबल लँड आणि महाबळेश्वरचा माथा यांच्यावर जांभ्याचं टोपण आहे. जांभा लालसर, भोकं भोकं असलेला. खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत टणक होतो. त्याचे चिरे पाडता येतात, पण त्यात नक्षी करायला गेलात तर फुटतो. म्हणून वरचे जुने बंगले लाल, जाड भिंतींचे आणि साधे. घाट चढताना दगड कुठे बदलतो ते बघायला सांगा त्यांना. पसरणीच्या घाटात दरडी उघड्या आहेत, अख्खी थरांची मांडणी दिसते.

पावसाचंही तसंच. महाबळेश्वरात वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. वाई डोंगराच्या आडोशाला, तिथे हजाराच्याही आत. म्हणून वाईत उघडे चौक परवडले. वर असा उघडा चौक ठेवला असता तर आषाढात तिथे विहीर झाली असती! वर उतरती पत्र्याची छपरं, बाहेर व्हरांडा आणि पावसाळ्यात भिंतींना गवताच्या ताट्या. एकाच नदीच्या दोन टोकांना दोन वेगळी घरं. त्यात हौस आणि सत्ता आहेच, पण पाऊस आणि दगड आधी.

ओसरी

सडा_जांभा, धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. माझ्या तळखड्यांना तुमचा दगड मिळाला.

गावठी_मिरची

सर, परीक्षेत हे येणार का?

दीपमाळ

धोम कसं कोणी लिहिलं नाही? मेणवलीच्या पुढेच आहे. धरणाच्या भिंतीवर सेल्फी काढून लोक परत फिरतात, देऊळ तसंच राहतं. महादेवाच्या देवळासमोर कमळाच्या आकाराचं कुंड आहे, त्यात दगडी कासव आणि कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप. कुंडात पाणी भरलं की कासव तरंगल्यासारखं दिसतं, म्हणून पाण्याच्या दिवसांत जावं. जवळच नरसिंहाचं देऊळ. गर्दी नाही, पायऱ्या बेताच्या. गुडघेवाल्यांसाठी माझं पहिलं मत धोमला.

कृष्णाकाठची

दीपमाळ, +१. लिहायचं राहिलं नव्हतं, तुमच्यासाठी ठेवलं होतं. 😀

उतारू

खोरं वाईला संपत नाही हो. साताऱ्याकडे या. लिंब गावाजवळ बारा मोटांची विहीर, वीरूबाई भोसल्यांनी 1719 ते 1724 या काळात बांधून घेतली, आमराईला पाणी द्यायला. अष्टकोनी, एकशे दहा फूट खोल, आणि पोटात चक्क छोटा महाल आहे. मोट म्हणजे बैलांनी ओढायची पाण्याची चामडी पिशवी. 'बारा मोटांची' म्हणतात, पण मोटेची थारोळी, म्हणजे मोट रिकामी करायच्या जागा, मोजल्या तर पंधरा भरतात. अभियंत्याला तिथे सोडा आणि तुम्ही जेवून या.

आणखी खाली माहुली, कृष्णा-वेण्णेचा संगम. महाराणी ताराबाईंची समाधी तिथे आहे. शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याचीही. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे माहुलीचेच.

संपादक_मंडळ_नाही

कुत्र्याची समाधी? हे आधी सांगायचं ना! मुलं देवळात कंटाळतात, हे ऐकून पळत येतील.

गारवेल

विहिरीत उतरायला पायऱ्या आहेत हो, आणि उतरलेलं परत चढावं लागतं. सासूबाईंसाठी नको.

उतारू

काठावरून अर्धी अधिक दिसते. आणि सगळ्यांनी सगळीकडे उतरलंच पाहिजे असं कुठे आहे?

टांगेवाला

एवढे प्रतिसाद झाले आणि जुन्या महाबळेश्वरच्या कृष्णाबाईच्या देवळाचं कोणी नाव काढलं नाही. पंचगंगेला रांग असते, पाच नद्यांचं पाणी डोक्याला लावतात आणि परत. तिथून थोडं चाललं की कृष्णाबाईचं काळ्या दगडाचं देऊळ. गोमुखातून पाणी कुंडात पडतं, खांबांवर शेवाळ, समोर अख्खं खोरं उघडं. खाली धोमचं पाणीही दिसतं हवा स्वच्छ असली तर. हो, मी गंभीर प्रतिसादही देऊ शकतो.

गावठी_मिरची

अकाउंट हॅक झालंय, कोणीतरी बघा.

सांजवारा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढ्या माहितीची अपेक्षा नव्हती. नवरा शेजारी बसून वाचतोय. 'दोन तास' हा शब्द त्याने मागे घेतलेला नाही, पण 'बरं, राहू तिथेच' इथपर्यंत आलाय.

तर असं ठरवतेय: मुक्काम वाईतच. पहिल्या दिवशी सकाळी मेणवली, ऊन चढायच्या आत. मग धोम. दुपारी आराम, संध्याकाळी वाईचे घाट पायी. दुसऱ्या दिवशी वर, पण फक्त सेंट पीटर्स, होली क्रॉस आणि टांगेवालांचं कृष्णाबाईचं देऊळ. शनिवार-रविवार टाळणार, म्हणजे घाटात अडकायला नको आणि मिस्सेच्या वेळीही आम्ही मधे येणार नाही. परतीच्या वाटेवर लिंबची विहीर वाकडी वाट करून. माहुली पुढच्या खेपेला, मुलांना घेऊन.

रोखठोक, तुमचं चिनी कैद्यांचं सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, सरकारी रस्त्याच्या कोनशिलेवर मजुराचं नाव मी अख्ख्या नोकरीत पाहिलं नाही.

रोखठोक

तुमच्या सासऱ्यांना सदस्य करून घ्या.

सांजवारा

त्यांचा पहिला प्रश्न तयारच आहे: ढोल्या गणपतीच्या मागच्या भिंतीची जाडी किती आणि टोकाचा कोन किती अंशांचा?

कृष्णाकाठची

इतकी वर्षं वाईत राहून कोणी हे विचारलं नव्हतं. काकांना सांगा, टेप घेऊन या. भर पावसाळ्यात नको, तेव्हा मागच्या बाजूला पाणी असतं. एक टोक मी धरते, आकडे इथेच टाकू.